मेक्सिकोत गाडीने आठ-दहा दिवस: युकातान, ओआहाका की बाहा?

गेल्या काही वर्षांत आम्ही मेक्सिकोत तीनदा गाडीने फिरलो, तिन्ही वेळा वेगळा भाग आणि गाडीत वेगळी माणसं, त्यामुळे आता इथे अमेरिकेत दर थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबर अखेरच्या सुट्टीच्या, आधी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच की अगं आठ दिवस सुट्टी आहे, मेक्सिकोत गाडी चालवणं सेफ आहे का आणि कुठला रूट घेऊ. एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही. भारतात गाडीने फिरू का असं कुणी विचारलं तर आपण पहिलं विचारतो की कोकणात जाणार की लडाखला, तसंच आहे हे. म्हणून तिन्ही रूट शेजारी शेजारी ठेवून एकदाच नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. रूट ठरवताना लोक बघायच्या जागा मोजतात, मी दोन गोष्टी मोजते, गाडीत कोण कोण बसणार आणि रोज उजेडाचे किती तास हातात आहेत. कारण तिथे शहराबाहेर अंधारात गाडी चालवायची नाही हा आमच्या घरचा पक्का नियम आहे, आणि तो काही फक्त चोरीमारीच्या भीतीने नाही, रस्त्यावर गुरं बसलेली असतात, मागचा लाल दिवा नसलेले ट्रक असतात आणि गावाच्या तोंडाशी असलेले स्पीड ब्रेकर रात्री दिसतच नाहीत. डिसेंबरात युकातानातल्या मेरिदाला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी नाश्ता करून नऊला निघालात, वाटेत दोन ठिकाणी थांबलात, तर दिवसाला तीन-चार तासांच्या वर ड्रायव्हिंग धरूच नका. हे गणित बसलं की अर्धा निर्णय आपोआप होतो.

तर तीन रूट असे.

युकातान म्हणजे कानकूनला विमानाने उतरायचं, तिथेच गाडी भाड्याने घ्यायची आणि गोल फिरून परत कानकून. वायादोलिद, चिचेन इत्झा, मेरिदा, उश्माल, काम्पेचे, मग जंगलातून कालाकमुलचे माया अवशेष, पुढे बाकालारचं तळं, तुलुम आणि परत. कालाकमुलचा आतला फाटा धरून सगळं मिळून चौदाशे-पंधराशे किलोमीटर.

ओआहाका म्हणजे मेक्सिको सिटीहून पुएब्ला, तिथून ओआहाका शहर आणि मग डोंगर उतरून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पुएर्तो एस्कोंदिदो. जाऊन-येऊन किलोमीटर साधारण तेवढेच पण सगळा चढउतार.

बाहा म्हणजे सॅन दिएगोहून स्वतःची गाडी घेऊन बॉर्डर ओलांडायची आणि त्या लांबलचक द्वीपकल्पावरून हायवे १ ने खाली खाली जायचं. हा रस्ता १९७३ मध्ये पूर्ण झाला, तिहुआना ते काबो सान लुकास १,७११ किलोमीटर, आणि हे फक्त जायचे, यायचे तेवढेच परत.

आता रस्त्यांबद्दल, कारण हेच लोक सगळ्यात शेवटी विचारतात. मेक्सिकोत दोन जातीचे हायवे असतात, कुओता म्हणजे टोलचा आणि लिब्रे म्हणजे फुकटचा. आपला पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे डोळ्यापुढे आणा, तस्संच. कुओता सरळ, कुंपण घातलेला, वेगाने जाणारा आणि महाग, लिब्रे प्रत्येक गावातून जाणारा. टोलला रोख पेसो लागतात हे धरूनच चला, कार्ड बऱ्याच नाक्यांवर घेत नाहीत, आणि मिळालेली पावती खिडकीतून फेकू नका कारण त्या पावतीत त्या रस्त्यापुरता विमा धरलेला असतो. कानकून-मेरिदा कुओता तिथल्या महागड्या टोलपैकी आहे, तरी पहिल्या दिवशी विमानातून उतरून थकलेले असाल तर घ्या. परतीच्या वाटेवर मात्र लिब्रे घ्या, तिकडची गावं तिथेच दिसतात.

आणि गावं म्हणजे टोपे. टोपे म्हणजे स्पीड ब्रेकर, पण आपल्याकडच्यासारखेच, म्हणजे पांढरे पट्टे कधी असतात कधी पुसलेले, उंची ज्याच्या त्याच्या मनाची. अमेरिकेत दहा वर्षं गाडी चालवून सवय मोडलेली असते, पहिल्या दिवशी ताशी साठने एक टोपे घेतलात तर भाड्याच्या गाडीचा खालचा भाग गेला समजा. पण याच टोपेंपाशी सगळ्या गाड्या जवळजवळ थांबतात, म्हणून तिथेच गावातल्या बायका विकायला उभ्या असतात. उश्मालकडे जाताना एका गावात एका बाईकडून सासूबाईंनी संत्र्यांची पिशवी घेतली, साल अशी तासून काढलेली की आतली पांढरी तशीच राहिलेली, वरचा भाग टोपीसारखा कापलेला आणि त्यावर तिखट-मीठ, नुसतं दाबून चोखायचं. सासूबाई म्हणाल्या, अगं ही तर शाळेबाहेरची गाडी वाटतेय गं. त्यानंतर प्रत्येक टोपेला गाडी थांबवायला लागली.

ड्रायव्हिंगच्या दोन-तीन खाणाखुणा तिन्हीकडे सारख्या. पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा बहुतेक वेळा तो सांगत असतो की समोर रस्ता मोकळा आहे, जा पुढे, पण तोच इंडिकेटर तो खरंच डावीकडे वळतोय म्हणूनही असू शकतो, त्यामुळे स्वतः बघितल्याशिवाय जायचं नाही. अरुंद पुलावर समोरच्याने लाइट मारला तर तो तुम्हाला जागा देत नाहीये, मी आधी येतोय असं सांगतोय, थांबा. रुंद खांदा, म्हणजे कडेची पट्टी, असलेल्या दोनपदरी रस्त्यावर मागून गाडी आली की सगळे अर्धे खांद्यावर सरकतात आणि मधून वाट देतात, तुम्हीही तेच करा. गाडी बंद पडली तर ०७८ ला फोन करायचा, आंखेलेस वेर्देस म्हणजे हिरवे देवदूत नावाची सरकारी मदत आहे, हिरव्या गाड्या मोठ्या हायवेवर फिरत असतात, मदतीचे पैसे घेत नाहीत, पार्ट लागला तर त्याचे द्यायचे.

आता तिन्ही शेजारी ठेवा. युकातानचा रस्ता पोळपाटासारखा सपाट आणि पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ, नवीन ड्रायव्हरलाही जमतो, त्रास एकच, कंटाळा येतो आणि डुलकी लागते. ओआहाकाला जाणारा कुओता चांगला आहे, डोंगरातून जातो, शेवटच्या टप्प्यात तेउआकान-कुइकात्लान भागात दोन्ही बाजूला खांबासारखे उभे निवडुंग, डोंगरच्या डोंगर, २०१८ पासून हा जागतिक वारसा आहे. खरा प्रश्न पुढे होता, ओआहाका शहरातून किनाऱ्यावर उतरायचं तर जुना घाट, आंबोली घाट सलग सहा-सात तास चालूच राहिला तर कसं होईल तसं, मागच्या सीटवरच्या प्रत्येकाला उलट्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये बारांका लार्गा ते वेंतानिया हा नवा रस्ता उघडला आणि पुएर्तो एस्कोंदिदो तीन तासांच्या आसपास आलं. ज्यांनी जुन्या ब्लॉगवर वाचून हा रूट रद्द केला असेल त्यांनी परत विचार करा, माझ्या मते गेल्या काही वर्षांत मेक्सिकोच्या रोड ट्रिपमध्ये झालेला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. ओआहाकात अजून एक गोष्ट असते, ब्लोकेओ, म्हणजे रास्ता रोको. शिक्षक, गावकरी, कुणी ना कुणी मागण्यांसाठी रस्ता अडवतं, तासभर किंवा दिवसभर. आपल्याला रास्ता रोको नवीन नाही, घाबरायचं कारण नाही, पण परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका, एक दिवस मध्ये मोकळा सोडा.

बाहाचा रस्ता वेगळाच. बऱ्याच भागात खांदाच नाही, पांढरी रेघ संपली की लगेच उतार, आणि समोरून भरलेला ट्रक येतो तेव्हा दोन आरशांच्या मध्ये हातभर जागा उरते. त्यात वादो, म्हणजे रस्ता कोरड्या ओढ्यात उतरून परत वर येतो, पावसात तिथून पाणी वाहतं आणि कुणी पुढे जात नाही. ड्रायव्हिंग आवडणारी दोन माणसं असतील तरच बाहा करा. एकट्याने सगळं अंतर ओढायचं म्हणजे तिसऱ्या दिवशी चिडचिड होते, आमच्यात झाली.

पेट्रोलचं सांगते. पंपावर माणूस भरून देतो, आपण उतरायचं नाही, त्याला दोन-पाच पेसो द्यायचे. हिरवा म्हणजे साधं पेट्रोल, लाल म्हणजे प्रीमियम. भरायच्या आधी मीटर शून्यावर आहे का ते बघा आणि नोट देताना ती मोठ्याने म्हणून द्या. एका पंपावर आम्ही पाचशेची नोट दिली आणि तिथल्या पोराने विसाची हातात धरून दाखवली. पाचशेची नवी आणि विसाची जुनी, दोन्ही निळ्या, दोन्हीवर एकच माणूस, बेनितो हुआरेस. आमच्याकडे पुरावा काहीच नव्हता, पैसे गेले. तेव्हापासून सुटे वेगळ्या पाकिटात.

युकातानात पंप भरपूर आहेत, फक्त एस्कार्सेगा ते शपुहिल या जंगलाच्या पट्ट्यात आधीच टाकी भरून घ्या, कारण कालाकमुलला हायवेवरून आत साठ किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. बाहात एल रोसारियो ते गेर्रेरो नेग्रो हा जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरचा तुकडा, त्यात पंपाचा भरवसा नाही. मध्ये कातावीन्या नावाचं एवढंसं ठिकाण आहे, तिथे रस्त्याच्या कडेला एक माणूस ड्रम घेऊन बसलेला, डब्याने मोजून, नरसाळं लावून, फडक्याने गाळून पेट्रोल देत होता. आमची टाकी अर्ध्याहून जास्त होती तरी आम्ही दहा लिटर घेतलं. आजूबाजूला घराएवढ्या गोल शिळा आणि मधून उगवलेली सिरियोची झाडं, म्हणजे मुळा उलटा रोवल्यासारखं दिसणारं वीस-तीस फुटी खोड आणि त्याला सगळीकडून बारीक काटक्या. त्या जागेची शांतता मला अजून आठवते, इंजिन बंद केल्यावर गरम पत्र्याचा टिकटिक आवाजसुद्धा ऐकू येत होता.

बघायला काय, यात तुलना करणं मला जड जातं कारण तिन्ही जीवाभावाचे. तरी म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर युकातानच. एक तर अंतरं छोटी, कानकून-वायादोलिद १६० किलोमीटर, वायादोलिद-मेरिदा तेवढंच, मेरिदा-उश्माल ८०. दुसरं म्हणजे अमेरिकन सरकारच्या प्रवास सूचनेत युकातान आणि काम्पेचे ही दोन राज्यं वर्षानुवर्षं सगळ्यात कमी धोक्याच्या गटात आहेत. आणि तिसरं, तिथलं पाणी. या भागात जमिनीवर नदी जवळजवळ नाहीच, चुनखडीचा खडक, पाऊस पडला की सगळा खाली मुरतो आणि खालून वाहतो, जिथे छत कोसळतं तिथे सेनोते, म्हणजे खडकातली विहीर म्हणा. आणि सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जी उल्का पडून डायनासोर गेले ती याच भागात पडली, चिक्शुलुबला, तिच्या गाडल्या गेलेल्या विवराच्या कडेने सेनोतेंची अर्धगोल रांग आहे. मुलांना हे सांगा आणि मग पाण्यात सोडा, बघा कशी तासभर बाहेर येत नाहीत ती. लाइफ जॅकेट बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतं, सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत. वायादोलिदला तर गावाच्या मधोमध साकी नावाचं सेनोते आहे, चालत जाता येतं.

चिचेन इत्झा सकाळी आठला उघडतं, आठलाच जा, दहाला कानकूनच्या बस येतात आणि मग पिरॅमिड कमी आणि टोप्या जास्त दिसतात. केंद्राचं तिकीट वेगळं आणि राज्याचं वेगळं, दोन्ही घ्यावी लागतात. वर चढायला आता बंदी आहे. कालाकमुल मात्र कुणी बघत नाही आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडलं, घनदाट जंगल, वर माकडं ओरडतायत आणि मधून दगडी पायऱ्या झाडांच्या वर जातात. तिथे एका झाडाच्या खोडावर तिरक्या नागमोडी खाचा होत्या, जुन्या, भरून आलेल्या. गाइड म्हणाला हा चिकोझापोते, याचा चीक काढून च्युइंग गम करायचे. सासूबाई डहाणूच्या, त्यांनी पान हातात घेतलं, मागून-पुढून बघितलं आणि म्हणाल्या, अगं हा चिकू! हा तर आपल्या वाडीतला चिकू! आणि खरंच तो चिकूच, त्याचं मूळ गाव हेच. डहाणू-घोलवडच्या वाड्या आणि हे जंगल एकाच झाडाची. त्या खाचांवरून त्यांनी बराच वेळ हात फिरवला. मेरिदाजवळ जुन्या वाड्यांमध्ये घायपाताची शेतं दाखवतात, आपल्याकडे बांधावर लावतो त्याच जातकुळीचं घायपात, दोराचं, त्या धाग्याला सिसल म्हणतात ते इथल्या सिसल नावाच्या बंदरावरून. आपल्या माणसांबरोबर युकातान फिरताना हे सारखं होत राहतं.

ओआहाका हा खाणाऱ्यांचा आणि हातकामावर जीव असणाऱ्यांचा रूट. तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावात एका काकूंनी तळहातावर निवडुंगावरचे वाळलेले किडे चुरडले, पांढरट करडा किडा, चुरडला की गडद लाल. त्यावर लिंबू पिळलं तर केशरी झाला, चुन्याची चिमूट टाकली तर जांभळा. कोचिनील म्हणतात त्याला. कुंकवात हळद आणि चुना कसा रंग बदलतो ते आपल्याला माहीत असतं, त्यामुळे आम्ही दोघं हसलो आणि काकूंना आम्ही का हसतोय ते कळेना, मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये हळदीचं सांगितलं. शिवाय मोंते आल्बानचं डोंगरमाथ्यावरचं शहर, तुलेचं ते प्रचंड बुंध्याचं झाड, दगडी धबधब्यासारखं दिसणारं इएर्वे एल आग्वा, सगळं शहरापासून दीड-दोन तासांच्या आत. म्हणजे चार रात्री एकाच हॉटेलात राहून गाडी फक्त दिवसाच्या फेऱ्यांना वापरता येते, बॅगा उचलणं नको, याचा मोठा फायदा.

बाहाला बघायचे म्हणजे देवमासे. राखाडी देवमासे आर्क्टिककडून पोहत येतात आणि गेर्रेरो नेग्रोच्या ओहो दे लिएब्रे आणि सान इग्नासियोच्या खाडीत पिल्लं देतात, जानेवारी ते मार्च. परवाना असलेल्या छोट्या होडीतून नेतात. आमच्या होडीच्या शेजारी एक मादी पिल्लाला घेऊन वर आली, एवढी जवळ की तिच्या पाठीवरचे शिंपले मोजता आले असते, आणि श्वास सोडला तो माशांच्या वासाचा फवारा सगळ्यांच्या चष्म्यावर. त्या दहा मिनिटांसाठी ते सगळं अंतर परत चालवीन. पण जून ते सप्टेंबर बाहा करायचा विचार असेल तर माझ्याकडून नाही, मरणाचं ऊन आणि पुढे वादळं, देवमासेही नाहीत.

शाकाहारींसाठी. बाहा सगळ्यात अवघड, सगळं मासे आणि मांस, मोठ्या गावांच्या मधल्या पट्ट्यात क्वेसादिया, म्हणजे चीज भरलेली पोळी, आणि भात-बीन्सवर दिवस काढावे लागतात, डबा बरोबर ठेवा. बीन्सबद्दल तिन्हीकडे एकच लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्या डुकराच्या चरबीत परततात, सिन मांतेका म्हणजे चरबीशिवाय असं विचारा. युकातानात पापाद्झुलेस मिळतं, लाल भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या वाटणात बुडवलेली टॉर्टिया आणि आत उकडलेलं अंडं, अंडं खाणाऱ्यांसाठी उत्तम. ओआहाका शाकाहारींना सगळ्यात बरं, तिथे त्लायूदा म्हणजे तव्यावर कडक केलेली ताटाएवढी मक्याची भाकरीच, त्यावर बीन्स आणि ओआहाकाचं तारांसारखं सुटणारं चीज, फक्त आसिएन्तो नको म्हणा, तो थर चरबीचा असतो. भोपळ्याची फुलं, निवडुंगाची भाजी, मक्यावरची काळी बुरशी हे सगळं मिळतं. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा घट्ट रस्सा, शाकाहारी दिसला तरी त्यात बहुतेक कोंबडीचा रस असतो. पाणी म्हणून अग्वा दे हमायका मागवा, लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, सगळीकडे मिळतं, आंबट-गोड, प्रवासात पोटाला बरं.

आता कागद, इथे चूक झाली तर ट्रिपच होत नाही. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. आई-बाबा अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर आलेले असतील तर त्यांनाही तोच चालतो. पण एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावाल्यांनो, पासपोर्टवरचा स्टँप संपलाय आणि हातात फक्त मुदतवाढीचा कागद आहे, तर तो कागद मेक्सिकोसाठी व्हिसा नाही. आमच्या एका मित्राचं यावरूनच एअरपोर्टवर बोर्डिंग नाकारलं, बायको-मुलं आत आणि तो बाहेर. बाहाला जाताना बॉर्डरवर बऱ्याचदा कुणी हातही करत नाही, हिरवा दिवा लागतो आणि गाड्या पुढे जातात, म्हणून अनेकजण तसेच जातात. तसं करू नका, गाडी बाजूला लावा, इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन नोंद करून घ्या.

गाडीचे कागद. अमेरिकेतली स्वतःची गाडी मेक्सिकोत नेली तर अमेरिकेचा इन्शुरन्स तिथे थर्ड पार्टीला चालत नाही, मेक्सिकन इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो, ऑनलाइन दिवसांच्या हिशेबाने मिळतो. बाहासाठी एवढं पुरतं. पण बॉर्डरच्या पट्ट्यापलीकडे मुख्य मेक्सिकोत स्वतःची गाडी न्यायची तर बान्हेर्सितो या सरकारी बँकेकडून तात्पुरता परवाना लागतो, १८० दिवसांचा, आणि २००७ किंवा त्यानंतरच्या गाडीला ४०० डॉलर डिपॉझिट, गाडी परत आणून परवाना रद्द करून घेतला की परत मिळतं. रद्द करायचं विसरलात तर डिपॉझिट जातं. टेक्ससमधले लोक मला विचारतात की ह्यूस्टनहून थेट ओआहाकापर्यंत गाडी नेऊ का, माझं उत्तर पहिल्यांदा जाणाऱ्याला नाही असंच. वाटेत तामाउलिपास लागतं, जे अमेरिकन सूचनेत सगळ्यात वरच्या धोक्याच्या श्रेणीत आहे, आणि दोन-अडीच दिवस नुसते पोहोचण्यात जातात. मेक्सिको सिटीला उडा आणि तिथे गाडी घ्या. तीही पहिल्या दिवशी नको, शहर बघून झाल्यावर निघायच्या सकाळी घ्या, कारण तिथे ओय नो सिर्कुला म्हणून नंबर प्लेटनुसार गाडी बाहेर काढायची बंदी असते आणि ट्रॅफिक वेगळं.

भाड्याच्या गाडीचा आमचा अनुभव लिहायलाच हवा. ऑनलाइन दिवसाला दहा-बारा डॉलर दाखवत होते, काउंटरवर गेलो तर थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा म्हणून रक्कम तिप्पट, रात्रीचे नऊ, मुलगा झोपलेला, सासूबाई बॅगांवर बसलेल्या, सही केली. ही काही कुणी फसवलं असं नव्हतं, मेक्सिकोत तो इन्शुरन्स खरोखर लागतो आणि अमेरिकन क्रेडिट कार्डचं कव्हर गाडीच्या नुकसानीपुरतं असतं, समोरच्याच्या नुकसानीला नाही. चूक ही की आधीच्या किमतीत ते दाखवत नाहीत. त्यामुळे बुकिंग करताना थर्ड पार्टी धरूनच भाव बघा, ते तीस-चाळीस डॉलर दिसले तर तेच खरे आहेत, आणि गाडी ताब्यात घेताना चारी टायर, छत आणि काचा धरून पूर्ण व्हिडिओ काढा.

घड्याळाचा एक सापळा दोन रूटवर आहे. कानकून-तुलुम-बाकालार ज्या राज्यात आहे ते किंताना रो २०१५ पासून एक तास पुढे आहे, मेरिदा-वायादोलिद-चिचेन मागे. म्हणजे वायादोलिदहून सकाळी दहाला निघालात तर दोन तासांनी कानकूनला दुपारचा एक वाजलेला असतो, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी हा एक तास फार महागात पडतो. बाहात २८व्या अक्षांशावर, गेर्रेरो नेग्रोच्या तोंडाशी, दोन राज्यांची हद्द आहे, हिवाळ्यात तिथेही तास बदलतो आणि देवमाशांच्या होडीची वेळ चुकते. ओआहाकात ही भानगड नाही.

माणसांप्रमाणे विचाराल तर मी असं सांगते. आई-बाबा, सासू-सासरे किंवा पाच वर्षांखालची मुलं, आठ दिवस, ड्रायव्हर एकच, डिसेंबर ते मार्च: युकातान, तेही कालाकमुल वगळून काम्पेचेवरून मेरिदामार्गे परत या, जंगलाचा पट्टा थकवतो. सासूबाईंना आम्ही नेलं कारण त्या हट्टाला पेटल्या होत्या. दोघंच असाल, स्पॅनिशचे शंभर शब्द येत असतील आणि बाजारात बसून दोन तास खाण्यात गेले तर चालत असेल: ओआहाका, नऊ दिवस, नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला जायचं असेल तर हॉटेल सहा महिने आधी. चौघं मित्र, दोन तरी पक्के ड्रायव्हर, गाडी स्वतःची आणि सुट्टी बारा दिवसांची, फेब्रुवारी: बाहा. सुट्टी आठच दिवसांची असेल तर सान इग्नासियोपर्यंत जाऊन परत फिरा, काबोपर्यंत पोहोचण्याचा हट्ट करू नका, देवमासे त्याच्या आधीच भेटतात.

अजून एक, आत्ता बुकिंगला बसणार असाल तर. कानकून आणि मेक्सिको सिटी दोन्हीकडे स्वस्तातल्या गाड्या मॅन्युअल गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक कमी आणि डिसेंबरात आधी संपतात. अमेरिकेत इतकी वर्षं क्लच न दाबलेल्यांनी ऑटोमॅटिक असं स्पष्ट लिहिलेलीच गाडी ऑक्टोबरातच धरून ठेवा, आणि दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव त्याच कागदावर लिहून घ्या.